खरी लिस्ट, सरावाची लिस्ट

३ सप्टेंबर
शिवानंद सरांनी आज पायथन शिकवलं. म्हणजे मी फळ्यावर लिहिलं आणि त्यांनी खुर्चीतून आवाज लावला! "लिस्ट म्हंजे यादी. टपल बी यादीच, फक्त ती बदलता येत न्हाय — माझ्या शब्दासारखी!" सरांचा शब्द! दिवाळीपासून ऐकतेय, पुढच्या महिन्यात तुला स्वतंत्र बॅच. तुळजापूरच्या या कॉम्प्युटर क्लासात मी अजून फळा पुसणारीच. पुढच्या, डिक्शनरीच्या धड्यापर्यंत पोचेस्तोवर सरांना झोप येते.

५ सप्टेंबर
सोलापूरच्या एका मोठ्या क्लासात शिक्षक हवाय. अर्ज टाकला. फक्त आईला सांगितलं. "रोज अणदूरहून सोलापूर? जा की. तिथं शिकवायला तरी मिळंल."

९ सप्टेंबर
आज तमाशाच! लॉजवाल्या ईरण्णा मामांना नवरात्राचं बुकिंग कॉम्प्युटरवर हवं होतं. सरांनी प्रोग्राम लिहिला — स्वतः! 'खरी' नावाच्या लिस्टमध्ये गिऱ्हाइकांची नावं. मग 'सराव = खरी' असं लिहून म्हणाले, "ही झाली कॉपी. हिच्यात कायबी खेळा."

मी हळूच म्हणाले, "सर, ही कॉपी नाही. लिस्ट एकच आहे, नावं दोन पडली."

"दोन दिसत न्हायत तुला? चष्मा लाव!" आणि मामांसमोर 'सराव' रिकामी करून दाखवली. मग ऐटीत 'खरी' उघडली. तीही रिकामी!

मामा: "मास्तर, माझी गिऱ्हाइकं कुठं गेली?"

सर: "सर्व्हर डाऊन हाय."

सर्व्हर! टेबलावरच्या लॅपटॉपला! नावं मामांच्या फोनमध्ये होती म्हणून निभावलं. मीच परत टाईप केली.

मामा गेल्यावर सरांना सांगितलं, "खंडोबा घ्या. देवळं दोन — अणदूर आणि नळदुर्ग. देव एकच, काही महिने इथं, काही महिने तिथं. नळदुर्गात भंडारा लावून अणदुरात आणला, तर कपाळ कोरं असेल का?" सर खुर्चीतून पुढं वाकले. मग म्हणाले, "परत सांग बरं." माझं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकलं. लई बरं वाटलं. वेडी मी!

१२ सप्टेंबर
सरांनी वर्गात खंडोबा सांगितला. "काल आंघोळ करताना सुचलं बगा." पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या संपल्यावर फळा मीच पुसला.

१६ सप्टेंबर
मुलाखत झाली. मॅडमनी विचारलं, "लिस्टला दुसरं नाव दिलं की कॉपी होते का? विद्यार्थ्याला कसं समजावाल?" मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या! झोकात खंडोबा सांगितला.

मॅडम हसल्या. "हे आज दुसऱ्यांदा ऐकतेय. तुमच्याच क्लासचे एक सर सकाळी येऊन गेले. त्यांच्याकडूनच शिकलात ना?"

सर! इथं! मला पत्ता नाही! "मॅडम, ते माझं आहे," म्हणाले. त्या नुसतं "हो का" म्हणाल्या. चोराच्या उलट्या बोंबा, असंच वाटलं असणार त्यांना. येताना बसमध्ये रडले. रागानं.

१९ सप्टेंबर
निवड झाली. सरांची!

जाताना क्लासच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "क्लासच्या मालकांस्नी सांगितलंय, सगळ्या बॅचा आता तुझ्या. शब्द पाळला का न्हाय?"

उद्या माझा पहिला तास. विषय लिस्टच. खंडोबा सांगता येणार नाही. पोरं म्हणतील, हे तर सरांचं.