म्युझियममधला नमस्कार

श्रूजबरी, सप्टेंबर १९८४

ती. अण्णांना दुरूनच वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. ह्यांनी मला जाड कोट घेतलाय, त्यामुळे थंडीची काळजी करू नका.

रविवारी म्युझियम पाहिलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रात ख्रिस्ती संत अनवाणी बसलाय, मांडीवर पोथी उघडी आणि नजर खिडकीबाहेर. दुपारी वाचता वाचता तुमची लागते ना, अगदी तश्शी तंद्री! मी बूट काढले आणि त्याच्या पायांना हात लावायला वाकले, तोच गार्ड ओरडत आला. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईची कंबर कशी आहे?

माझ्याजवळच्या फोटोत तुम्ही दोघं छातीपर्यंतच आहात. दिवाळीआधी नवा काढून पाठवा, पाय दिसतील असा.

तुमची,
सुचित्रा