तात्यांच्या अकरा फाइली

डोंबिवली (पूर्व),
सोमवार

प्रिय स्वप्ना,

मोबाइल हाताशी असताना मी कागद घेऊन बसलेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. दोन महिने मी तुला फोनवर खोटं सांगतेय. फॉन्ट बसवतेय, प्रुफं काढतेय, वाढदिवसापर्यंत तात्यांचं आठवणींचं पुस्तक त्यांच्या हातात देते. तसं काही होत नाहीये गं. तुझ्या वडिलांचं पुस्तक माझ्या हातून गेलं.

नीट सांगते. माझा जुना कॉम्प्युटर अडकायला लागला म्हणून दिवाळीत नवा घेतला. जुन्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि उरलेला डबा भंगारवाल्याला दिला. स्वतःवर फार खूश होते तेव्हा. त्या डब्याच्या पाठीमागे, प्रिंटरच्या वायरीजवळ, आगपेटीएवढं एक लॉक खोचलेलं होतं. आमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरची ती किल्लीच. ते लावल्याशिवाय त्यात टाइप केलेलं काहीच उघडत नाही. वीस वर्षं ते तिथेच होतं, त्यामुळे आहे हेच मी विसरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

नौपाड्यात जुन्या डिस्कमधला माल काढून देणारा एक भला माणूस आहे. त्याने आठ दिवसांत अकराची अकरा प्रकरणं काढून दिली. फाइलींची नावं दिसली तेव्हा मी त्याच्या दुकानातच रडले. घरी येऊन उघडल्या तर नुसत्या चौकटी, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा खिमा. कोणीतरी सांगितलं म्हणून कन्व्हर्टरमधून काढून बघितलं, तर पानभरात 'शाळा' आणि 'पाणी' एवढे दोनच शब्द लागले. कंपनी कधीच बंद झालीय, तिच्या नंबरवर आता पडदे शिवणारे उचलतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्या वयाचे जेवढे डीटीपीवाले उरलेत, त्या सगळ्यांना मी ते लॉक विचारलं. सगळ्यांनी ते कधीच फेकलंय.

तात्यांनी ज्यात सगळं हाताने लिहिलं होतं त्या वह्या कुठे गेल्या, हे तू विचारणारच. तात्या चाळ सोडून रत्नदीपकडे बाळकुमला राहायला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं की वह्या ठेवू का. मी म्हटलं, आता कशाला, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. मग त्या रद्दीत गेल्या. रत्नदीपला बोल लावू नकोस, तुझ्या भावाने माझ्या सांगण्यावरूनच दिल्या. आणि शेवटची तीन प्रकरणं तर वहीत नव्हतीच. हात कापायला लागल्यावर तात्या दर रविवारी माझ्याकडे येऊन तोंडी सांगायचे. शर्टाचं वरचं बटण लावून स्टुलावर ताठ बसायचे आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्पष्ट 'पूर्णविराम' म्हणायचे. मी एखादा शब्द खाल्ला की लगेच थांबवायचे.

आता महिनाभर मीच रविवारी बाळकुमला जाते, त्यांच्याकडून पुन्हा सांगून घ्यायला. सोनल वहिनी खिडकीशी खुर्ची मांडून देते. सुरुवात छान होते. पालिकेच्या शाळेतला मास्तर म्हणून पहिला दिवस, हजेरीपट, त्यातल्या पोरांची नावं एकामागून एक. आणि मग गाडी अडते. मी विचारते, पुढे काय झालं तात्या? तर अभ्यास न केलेलं पोर मास्तरांकडे बघतं तसे ते माझ्याकडे बघतात, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतात. माझ्याकडे तेच एक पान चार वेळा टाइप झालंय.

तू विचारलं होतंस, "पुस्तकात माझ्याबद्दल काही लिहिलंय का?" मी म्हटलं, फाइल उघडली की बघते. खरं तर अक्षर न् अक्षर मीच टाइप केलेलं होतं, मला माहीत होतं. तुझं नाव एकदाच येतं, तुझ्या जन्माच्या वेळी. त्यापुढे काही नाही. हे तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या, म्हणजे आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, "स्वप्ना आलीस?" याआधी असं झालं की मी दर वेळी सांगायचे, तात्या, मी माया, चाळीतली. त्या दिवशी मी थकले होते गं. मी हो म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पुण्याच्या कॉलेजचा तुझा फॉर्म पोस्टात हरवला नव्हता. मी टाकलाच नाही. पोरीला एकटीला हॉस्टेलला धाडायचं म्हणून भ्यालो."

पोरींना शिकवा म्हणून घरोघर हिंडणारा हा माणूस. तू तेव्हा म्हणायचीस की रजिस्टर्ड पत्र असं कसं हरवतं, आणि मीच तुला गप्प करायचे. मग त्यांनी विचारलं, "रागावलीस?" ते रडत होते, स्वप्ना. मी म्हटलं, "नाही, तात्या."

हे पत्र त्यासाठी आहे. फाइलींसाठी तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण ते 'नाही' माझं नव्हतं. तुझी अख्खी नोकरी, तुझं अख्खं आयुष्य त्या एका फॉर्मने वळलं, आणि मी तुझ्या नावाने त्यांना एका शब्दात मोकळं करून टाकलं. सोनल म्हणते, त्या दिवशी ते पोटभर जेवले, शांत झोपले. काल मी पुन्हा बाळकुमला गेले तर त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. तुझं नाव घेतलं की मात्र अजून दाराकडे बघतात. पुस्तकाची वाट बघू नकोस, ये. आणि तुझं उत्तर 'हो, रागावलेय' असं असेल, तर तेही तूच समोर बसून त्यांना सांग.

तुझीच,
माया