उन्हाळ्यातली हवा

बाबा, आज सकाळी दादाशी पुन्हा तुमच्यावरून भांडलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीच्या टायरमध्ये किती हवा ठेवायची हे आपल्या घरात अजून तुम्हीच ठरवता. मला याचा वीट आला आहे.

तुमची पद्धत मला आठवते. एप्रिल लागला की तुम्ही जीपजवळ उकिडवे बसायचात, आगपेटीची काडी टायरच्या वालमध्ये दाबून फुस्सकन हवा सोडायचात, मग टायरला टाचेची एक ठोकर, की झालं. एकदा मी विचारतो, हवा काहून सोडता? "उन्हात हवा फुगते गा. टायर फुटला तर तू येशील का ढकलाले?" महाल भागातल्या जीपस्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हसतात. दप्तर पाठीवर घेऊन मीही हसतो.

नववीनंतर शाळा सुटली, पण दिसेल ते वाचायची सवय राहिली. दादाच्या व्हॅनच्या दाराला आतून कंपनीनं हवेचा आकडा चिकटवला आहे. टायर थंड असताना मोजायचा. उन्हाळ्यासाठी वेगळा आकडा नाही. हवा कमी असली की टायर दबतो, त्याच्या बाजू सारख्या दुमडून तापतात, आणि त्यानंच तो फुटतो. तुमचं नेमकं उलटं होतं, बाबा. तुमचा टायर कधी फुटला नाही, हे आपलं नशीब. आणि ते नशीब दादा अक्कल म्हणून सांगत फिरतो. मी हवा मोजायचा मीटर आणला, तर म्हणाला, "डॉक्टरसाहेब आले पाहा, टायरचा बीपी घेऊन राहिले."

आज कुहीला लग्नाला जायचं होतं. आई, वहिनी, दादाची दोन्ही पोरं, सगळे व्हॅनमध्ये. मी पहाटेच हवा भरून आणली. आंघोळ करून बाहेर येतो, तर दादा मागच्या चाकाजवळ काडी घेऊन बसलेला.

"दादा, सोडू नको. पोरं बसणार आहेत."

"बाबानं जिंदगीभर गाडी चालवली. त्याईले समजत नव्हतं, अन् तुले समजते?"

मी दारावरचा कागद दाखवला. मागच्या रविवारी बेसा गावाहून आल्यावर टायरला हात लावला तर चटका बसला होता, तेही सांगितलं. आई गाडीतूनच म्हणाली, "जाऊ दे ना गा, उशीर होऊन राहिला."

तेव्हा मी बोलून गेलो. "बाबानंच सांगितलं मले, दवाखान्यात. म्हणे माझं चुकलं, उन्हाळ्यात हवा कमी नको करू."

दादाचा हात थांबला. मग चाकाकडे बघतच त्यानं विचारलं, "मले काहून नाही सांगितलं मंग?"

मी चारही टायर मोजले, मागच्या टायरमधली गेलेली हवा वाटेत पंपावर भरून घेतली. सगळे नीट जाऊन आलो.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हता. दादा तेव्हा सवारी घेऊन बाहेरगावी होता, मी तुमच्या उशाशी होतो, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्यालाच हाका मारत होता. हे त्याला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागदही फाडून टाकीन, त्याच्या हाती लागायला नको. तुम्हाला मात्र सांगतो, त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटलं.