धुळ्यात न दिसलेले मामा

…तिसऱ्यांदा कडी वाजवली तेव्हा तुम्ही आतच होता, नाना. तुमची चप्पल दारात होती. मामी बाहेर आल्या आणि तुम्ही शेतात गेल्याचं सांगू लागल्या, तेवढ्यात तुम्ही आतून खोकलात. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मी चपलेकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

नमस्कार राहिला. तो आधी घ्यावा. गुडघा कसा आहे? आईची तब्येत बरी आहे, पण लेकीचं लग्न आठवड्यावर आलं आणि भाऊ बोलत नाही म्हणून ती मांडववाल्याशीही बोलेनाशी झाली आहे.

झालं ते असं. ज्योत्स्नाच्या लग्नाची पत्रिका मी इंटरनेटवर टाकली, कारण नवरदेवाचा भाऊ मस्कतला आहे आणि मला जळगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवून जे येतं ते कुणाला तरी दाखवायचं होतं. वर मीच तुम्हाला फोन केला: रतिलालच्या सायबर कॅफेत जा, मोतीलाल नानांचं नाव जगभर दिसतंय. तुम्ही गेलात. धुतलेलं धोतर नेसून गेलात, असं रतिलाल सांगतो. पडद्यावर बाबांकडची सगळी मंडळी होती, रुपचंदकाकांपासून पाळण्यातल्या पुतण्यापर्यंत. त्याखाली कोरी जागा. तुम्ही चष्मा पुसलात आणि रतिलालला एवढंच विचारलंत, “याना खाले आखो काही शे का?” खाली आणखी काही नाही, तो म्हणाला. त्याने मागवलेला चहा तसाच ठेवून तुम्ही उठलात.

छापील पत्रिकेत तुमचं नाव आहे, हे आईने कळवलं. त्यावर तुमचा निरोप आला की ती पत्रिका गावापुरती, जगाला दाखवायची निराळी, आणि जगाला ज्योत्स्नाचा मामा दिसत नाही. म्हणून आज मी फ्लॉपी खिशात घालून धुळ्याला आलो.

तुमच्या दारातून सरळ रतिलालकडे गेलो. त्याने मशीन बंद करून चालू केलं (त्याच्याकडे प्रत्येक आजारावर हेच औषध आहे). मी म्हणालो, मराठी फाँट गेला असेल. पण काका मराठीतच नीट बसलेले होते. अक्षरांचा रंग पांढरा झाला असेल म्हणून पार्श्वभूमी काळी करून पाहिली. पत्रिका लग्नाची न वाटता दुसरीच कसलीतरी वाटू लागली. शेवटी पानामागच्या खुणा ओळ ओळ वाचत गेलो, तेव्हा दिसलं.

नाना, नावं रांगेत राहावीत म्हणून अशा पानावर चौकट आखावी लागते. चौकट उघडल्याची एक खूण असते, मिटल्याची एक. बाबांकडच्या लोकांची चौकट मी नीट मिटली. मग आईकडची उघडली, पहिलं तुमचं नाव घातलं, बाकीची घातली, आणि आईने कळण्याची भाकरी तव्यावरून उतरल्याची हाक मारली. मी उठलो. चौकट उघडीच राहिली.

माझ्या घरचा ब्राउझर अशी चूक पोटात घालतो. मी त्यातच पाहिलं आणि खूश झालो. रतिलालकडे दुसऱ्या कंपनीचा आहे. चौकट मिटलेली नसेल तर तो आतलं एक अक्षर दाखवत नाही. भांडत नाही, कारण सांगत नाही, नुसता आत बसून राहतो. (इथे मला तुमची आठवण झाली. राग मानू नये.) पान दोन्हींत तपासायला हवं होतं. मी क्लासमध्ये पोरांना तेच शिकवतो.

आता खूण घातली आहे. मस्कतमध्ये, जळगावात आणि रतिलालकडेही तुम्ही दिसता.

तुमचा भाचा,
रमाकांत

ता. क. या दुरुस्तीत रतिलालकडे एक नवं झालं. रुपचंदकाकांचं आडनाव घसरून आत्याच्या यजमानांच्या, भिका फुव्यांच्या, ओळीत गेलं आहे. काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांना तुमच्याशेजारी बसवतो. रुसलेल्या माणसाशी काय बोलावं, हे तुम्हालाच ठाऊक.

दुसरा ता. क. खरं सांगायचं ते वर राहिलंच. ज्योत्स्नाने कॉम्प्युटरकडे पाहिलेलंही नाही. ती म्हणते, मांडवात न्यायला मामा नसेल तर मी खोलीतून उठणार नाही. या.

सकाळी, जळगावात. पत्र टाकायला निघालो होतो, तेवढ्यात रतिलालचा फोन आला. पान दुरुस्त झाल्याचं त्याने रात्रीच मामींना कळवलं होतं; सकाळी दुकान उघडलं तेव्हा तुम्ही पायरीवर होता. पान उघडून घेतलंत, आपलं नाव वाचलंत, तळाशी गेलात आणि परत तेच विचारलंत. आता तुमच्याकडच्या मंडळींच्या खाली काही नाही नाना, तो म्हणाला.

“मंग ठीक शे. मांडोमा बी पोरना मांगे मीच उभा ऱ्हासू,” तुम्ही म्हणालात. मामी पिशवी घेऊन बाहेर उभ्या होत्या. तुम्ही दोघं जळगावच्या बसकडे गेलात. आईने जास्तीचं पीठ मळलं आहे.