कपाटातला वारा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम सुरक्षा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : गच्चीवरील होर्डिंग वाऱ्याने पडण्याची शक्यता 'दहा हजारांत एक' असल्याचा दाखला रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला सदर दाखला व माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. मी आपल्याच कार्यालयात बावीस वर्षे शिपाई होतो. माझ्या मुलीचे शिवणकामाचे दुकान सदर होर्डिंगच्या बरोबर खाली आहे.

२. होर्डिंग किती वाऱ्यात पडेल आणि तेवढा वारा किती वेळा सुटतो, यावरून आपण हा आकडा काढला. वाऱ्याच्या नोंदी आपल्या कार्यालयाच्या गच्चीवरील वारा मोजायच्या यंत्राच्या. त्यात बावीस वर्षांत एकही वादळ नाही. असेल कसे? यंत्र सरकारी, मोडले तर जबाबदारी कोणाची, म्हणून वारा वाढला की ते काढून कपाटात ठेवावे, असा तेव्हाच्या साहेबांचा लेखी आदेश होता. ते काढायला मीच जात असे, कठडा धरून, ओणव्याने. मधल्या वेळेची नोंद साहेब लिहीत : 'वारा शांत'. कपाटात तो शांतच असणार.

३. हे मी बघत होतो आणि गप्प होतो, त्याची मला आज किळस येते. हिशेब करणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना त्याचे नवलही वाटले नाही, याची जास्त येते. कार्यालयाची तावदाने दोनदा उडाली, ती काय कोणी फुंकर मारली म्हणून?

४. गेल्या महिन्यात दुकानाचा पत्रा फोडून मुलीच्या शिलाई मशीनशेजारी होर्डिंगचा एक बोल्ट पडला. आपले कनिष्ठ अभियंता म्हणाले, "एवढ्याने आकडा बदलत नाही." मग पाहणीची तारीख दिली आणि जोराच्या वाऱ्यामुळे रद्द केली. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, दुसरे काय.

५. दुकान हलव, म्हणून मुलीला रोज सांगतो. ती म्हणते, "बाबा, तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे. आमचा कागद खोटा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?" दाखला तिने काच लावून मशीनच्या वर टांगला आहे.

६. होर्डिंग उतरवणे आपल्याच्याने होणार नाही, हे मी ओळखून आहे. निदान दाखला चुकीचा आहे, असे एका ओळीत, शिक्क्यासह, तिच्या नावे लिहून द्या. ती माझे ऐकत नाही. आपले ऐकते.

शिक्क्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
निवृत्त शिपाई
दिनांक : १९ मे

सोबत :
१) यंत्र कपाटात ठेवल्याच्या एकेचाळीस तारखा, माझ्या हस्ताक्षरात.
२) बोल्ट, एक नग. उरलेले अजून वर आहेत.