सोळा तारखेचा कॉलर माईक

४ नोव्हेंबर, मंगळवार

नितीननं मला चव्हाट्यावर आणलं. नाव घेतलं नाही, तेवढा हुशार आहे.

झालं असं – केतकीनं भोपाळच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर यादी टाकली. मन समजून घ्यायला, स्वतःत सुधारणा करायला ऐकावेत असे पाच पॉडकास्ट. ‘बाबा, तुम्ही तर ऐकाच, तुम्हाला जास्त गरज आहे.’ लेक म्हणाली म्हणून माझ्या साउंडच्या दुकानात वायरी सोल्डर करता करता लावले. पहिला सवयींवर. बाईंचा आवाज गोड, पण माईक तोंडाला इतका चिकटवलेला की प्रत्येक ‘प’ फुटतो. दुसरा झोपेवर. दहा मिनिटांत माझा डोळा लागला, म्हणजे चांगलाच असणार. तिसरा आपल्या नितीनचा – ‘मनाचं वर्कशॉप’. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून अवधपुरीत घरी बसून करतो. मागे पंख्याची टकटक. तीनदा सांगितलंय, पंखा बंद कर.

भाग चौदावा. ‘एका श्रोत्यानं मला पत्रातून कळवलेली गोष्ट,’ म्हणे. पंधरा वर्षांचा, अडखळत बोलणारा मुलगा. गणपतीतली वक्तृत्व स्पर्धा. मुलगा एका शब्दावर अडकला, पुढची रांग हसायला लागली, आणि त्याच्या बापानंच माईक बंद केला. वर सगळ्यांना सांगितलं, वायर गेली.

तो बाप मी. मुलगा प्रसाद. आणि श्रोता कसला आलाय? हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं – नितीनला, जवाहर चौकात टपरीवर चहा पिताना. बायकोला, रजनीलासुद्धा माहीत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मी पोराला वाचवलं होतं. पुन्हा लिहितो – वाचवलं होतं. मंडळाची माणसं हसत होती. माझ्याच स्पीकरमधून त्याचं ते अडकणं दुप्पट होऊन येत होतं. हात आपोआप गेला.

नितीन म्हणतो, ‘त्या बापाला मुलाची नव्हे, स्वतःची लाज वाटली.’ तू होतास का माझ्या हातात?

दहावी नापास मी. सायकलवर कर्णे बांधून सुरुवात केली. आज भोपाळात मराठी माणसाचं बारसं असो की सत्कार, आवाज माझा. आणि हा मला मन शिकवणार.

प्रसाद तेरा वर्षं वायरच समजतोय. नाशिकला असतो. रविवारी आईला फोन करतो. माझ्या वाट्याला ‘हो’, ‘बरंय’, ‘ठेवतो’. मुळात कमी बोलणारा. पण तोही ग्रुपवर आहे. केतकीची यादी त्यालाही गेली. त्यानं चौदावा भाग लावला की त्या तीन शब्दांनाही मी मुकलो.

नितीनला सोडणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नितीनची स्वारी स्वतःच दुकानात. ‘काय उदयराव, कान काय म्हणतात?’

‘कान ठीक आहेत. माणसं बिघडलीत.’

हसला. सोळा तारखेला मंडळाचा वर्धापनदिन. तुलसी नगरच्या हॉलमध्ये त्याचा पॉडकास्ट लोकांसमोर होणार. कॉलर माईक हवाय. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन. नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला, तळहातावर ताट धरावं तसा धरला. दही आणायचंय हे अख्ख्या गल्लीला कळलं. शेजारचा टायरवाला म्हणाला, ‘दादा, हमारे लिए भी ले आना.’

जाताना विचारलं, ‘चौदावा ऐकलास?’

‘नाही रे. यादी मोठी आहे.’

‘ऐक. मग बसून बोलू.’ आणि खाली बघितलं. डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत नाही!

९ नोव्हेंबर, रविवार

सुचलं.

कॉलरला माईक लावला की माणूस पाच मिनिटांत तो विसरतो. स्टेजवरून आत गेला तरी माईक चालूच. माझ्या हेडफोनमध्ये सगळं येतं – कुरबुरी, शिव्या, नळाचं पाणी. हॉलला मात्र तेव्हाच ऐकू जातं, जेव्हा मी मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर सरकवतो. तीस वर्षांत आतला एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. धंद्याचा धर्म.

मागच्या वर्धापनदिनाला नितीन आत काय म्हणाला होता? ‘रत्नप्रभाबाईंचं भाषण म्हणजे बिघडलेला कुकर. शिट्टी नाही, नुसती वाफ.’ बाई अध्यक्ष आहेत. यंदाही भाषण त्यांचंच. यंदाही मध्यंतरात हा आत जाऊन बोलणारच.

यंदा हॉललाही ऐकू दे. माझं गुपित त्यानं फोडलं, त्याचं मी फोडतो. मशीन आहे, भाऊ, होते कधी कधी चूक. म्हणेन, वायर गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चौथा पॉडकास्ट रागावर. राग आला की दहापर्यंत मोजा. मी सोळापर्यंत मोजतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रजनी म्हणते, ‘अहो, हल्ली शीळ काय घालताय? काही शिजतंय वाटतं.’

‘पॉडकास्टनी सुधारणा झाली.’

मग भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘प्रसाद विचारत होता. सोळाला साउंड बाबांचंच ना, म्हणून.’

‘माझंच. पण त्याला कशाला चौकशी?’

‘मला काय ठाऊक. तुम्ही विचारा की कधीतरी.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

हॉलमध्ये स्पीकर लावून आलो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. कॉलर माईकमध्ये सेल नवे घातले.

१६ नोव्हेंबर, रविवार

माईक मीच लावला. ‘टोचत नाही ना?’ म्हणालो.

मध्यंतर. दोनशे माणसं पोह्यांच्या बशा घेऊन बसलेली. हेडफोनमध्ये नितीन – ‘या रत्नप्रभाबाई म्हणजे...’ मी फेडर पूर्ण वर केला. त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. स्पीकरवर टाकला.

‘बोल, प्रसाद.’

‘काका, बाबांनी म... माझं पत्र ऐकलं का?’

‘नाही म्हणतो. मी तू लिहिलंस तसंच वाचलंय रे. पण त्याला अजून वाटतं, तू वायरच समजतोस.’

‘मला स्टेजवरून त... तेव्हाच दिसला होता बाबांचा ह... ह...’

त्या शब्दावर अडकला. अख्खा हॉल ऐकत होता. कोणी हसलं नाही. रजनी मागे वळून माझ्याकडे बघत होती.

बोट फेडरवर होतं. जरा खाली ओढलं की सगळं बंद.

त्याचा शब्द पूर्ण होईपर्यंत मी हात हलवला नाही.