धाकटीच्या वाट्याची हवा

सोमवार, ता. ३

आलो बाई एकदाच्या! दोन म्हाताऱ्या, तीन ट्रंका आणि एक शिवणयंत्र. चौथा मजला, लिफ्ट चालू, नळाला पाणी. बाहेरच्या खोलीला एवढी मोठी खिडकी, की धाकटीनं आल्या आल्या खुर्ची तिथं लावली आणि जाहीर केलं, खोल्या सगळ्या ताईच्या, खिडकी माझी. माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण घरात हुकूम कायम तिचाच.

चौसष्टाव्या वर्षी बहिणीला नोकरी लागली यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. माझा तरी कुठं बसलाय? शाळा सातवीत सुटली. पुढं जे काही डोक्यात शिरलं ते छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता. इथलं ऑफिस संगणकावरचे खेळ बनवतं. त्यांना घरातल्यासारखी भाषा लिहिणारं माणूस हवं होतं. घरही ऑफिसनंच दिलं. नव्याचे नऊ दिवस असतात हे मला कळतं, पण नऊ तर नऊ!

मंगळवार, ता. ४

आमच्या प्रमुखबाईंनी दोन तास बसून खेळ समजावला. फार पुढचा काळ, दूरदूरचे ग्रह. तिथं स्वतःची हवा नाही, ती बनवते एक कंपनी. आणि हवा जिची, राज्य तिचं. कोर्ट कंपनीचं, शाळा कंपनीच्या. निवडणूक होते तीही कंपनीच्या मंडळाची, आणि उभं कोणी राहायचं तेही मंडळच ठरवतं. लाखो लोक आपापल्या घरी बसून तिथले रहिवासी होतात आणि खेळतात.

मंडळावर कोण बसतं, असं मी विचारलं. प्रमुखबाई म्हणाल्या, निवडणूक नावापुरती, खरं तर माणूस कुणीच नाही. नियम घालून दिलेत, त्यांवरून यंत्र रोज ठराव काढतं. ठराव म्हणजे अगदी कोरडा ठाक: ‘विभाग दोन, हवा एक दशांश कमी.’ माझं काम त्याची नोटीस लिहायची. कडू गोळी गुळात घोळून द्यायची, एवढंच. ते तर मी धाकटीच्या दुखण्यात जन्मभर केलंय.

शुक्रवार, ता. ७

माझी पहिली नोटीस गेली. लिहिलं होतं: ‘मंडळी, यंत्राला जरा दम खाऊ द्यायचाय. चार दिवस जिने सावकाश चढा, भांडणं पुढच्या आठवड्यावर ढकला, आणि शेजारच्या म्हाताऱ्याची विचारपूस करा म्हणजे झालं.’ यापूर्वी हवा कापली की खेळात दंगे व्हायचे म्हणे, कचेऱ्या जाळायचे. या वेळी एक दगड पडला नाही. उलट नोटिशीखाली लोकांनी लिहिलं, कंपनी आपल्या मावशीसारखी बोलते. प्रमुखबाईंनी सगळ्या खोलीला चहा पाजला.

घरी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, ताई गोड बोलून लोकांचे गळे कापील आणि वर लोकच तिला कात्री आणून देतील. दोघी पोट धरधरून हसलो.

गुरुवार, ता. १३

खेळणाऱ्यांपेक्षा तिथं घरं जास्त. रिकामी घरं मेल्यासारखी दिसतात, म्हणून ऑफिसातच माणसं रचून त्यांत घालतात. ‘भरतीचे रहिवासी’ म्हणतात त्यांना. इथला शिरस्ता असा, की प्रत्येकानं आपल्या घरचं एक माणूस घालायचं, म्हणजे ते खोटं वाटत नाही.

मी अर्थातच धाकटीला घातलं. उठताना कटकन वाजणारा डावा गुडघा, चहात तीन चमचे साखर, स्वतःच्याच विनोदाला आधी हसणं, सगळं लिहिलं. आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणून राहायला विभाग चार.

शेजारच्या टेबलावर ग्रहांची चित्रं काढणारा चित्रकार बसतो. टक्कल पडलेला, अबोल गृहस्थ, मला मावशी म्हणतो. पडद्यावर वाचून हळूच म्हणाला, “मावशी, दुसरं कुणी नव्हतं का घालायला?” का रे, विचारलं. मग म्हणाला, मागच्या वर्षी त्यानं वडिलांना घातलं होतं. कसे आहेत, विचारलं. त्यांची बदली झाली, म्हणाला. आता चित्रकाराचा बाप म्हणजे ऐंशीच्या घरातला. त्या वयात कसली आलीय बदली? माणूस जरा तिरपागडा दिसतो.

सोमवार, ता. १७

उकाडा असा की जीव नकोसा झालाय, आणि घरी आले तर खिडकी बंद. धाकटी तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. उघड की ग, म्हटलं. म्हणाली, परवानगी आलेली नाही. थट्टा समजून मी हसले. ती हसली नाही.

बुधवार, ता. १९

सकाळी ठराव आला: विभाग चार, हवा एक दशांश कमी. मी नोटीस लिहिली. छान उतरली.

संध्याकाळी भाजीला निघालो. लिफ्ट बंद होती. एका जिन्यात धाकटी तीनदा बसली. तशीच तिला डॉक्टरकडे नेली. त्यांनी दोनदा तपासलं. म्हणाले, फुप्फुसं तरण्या मुलीसारखी आहेत, पण त्यांत वारा शिरत नाही. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. परत येताना ती अगदी माझ्या शब्दांत, माझ्या हेलात म्हणाली, जिने सावकाश चढायचे, भांडणं पुढच्या आठवड्यावर ढकलायची.

ती पहिली नोटीस गाजली एवढंच मी तिला सांगितलं होतं; वाचून कधी दाखवली नव्हती.

शुक्रवार, ता. २१

चित्रकाराला जिन्यात गाठलं आणि सोडलंच नाही. तेव्हा बोलला. त्याच्या वडिलांना आधी असाच दम लागायचा. मग त्यांच्या विभागाचा बदलीचा ठराव निघाला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या आधीच्या बाईंनी नोटीस लिहिली. दुपारी हा घरी गेला तर दारात चपला, टेबलावर अर्धा कप चहा, तोही गरम. माणूस नाही. शेजारी विचारायला लागले, कोण वडील? तू तर एकटाच राहतोस. सख्ख्या बहिणीलाही आठवेनात. याला तेवढे आठवतात, कारण यानं ते लिहिले होते.

नुसत्या ठरावानं काही होत नाही मावशी, तो म्हणाला. नोटीस लिहावी लागते. माणसाच्या हातानं.

तडक प्रमुखबाईंकडे गेले. बहिणीचं नाव काढा म्हटलं. त्यांनी मला प्रेमानं बसवलं, पाणी दिलं. नाव काढणं कुणाच्या हातात नाही म्हणाल्या. रहिवाशानं अर्ज करायचा, त्यावर सगळे रहिवासी मत देणार. अर्ज फक्त रहिवाशालाच करता येतो.

मग मी स्वतःला घातलं. विभाग चार. धाकटीची थोरली बहीण.

सोमवार, ता. २४

अर्जात जीव ओतला होता. मतं आली. बाजूनं चारशे अकरा. विरुद्ध तीन लाखांवर. खाली कुणी लिहिलंय, मावशीसारखी कंपनी सोडून जायचं कशाला? कुणी लिहिलंय, थोडं सोसावं, शेजाऱ्याचा विचार करावा. सगळी माझीच वाक्यं. मी त्यांना शिकवलेली.

मलाही आता दम लागतो.

मंगळवार, ता. २५

गावाबाहेर पडायचं ठरवलं. एक ट्रंक घेतली. धाकटी उंबऱ्याशी थांबली. ओढलं, रडले, जन्मात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. तिचा पाय उचलेना. ती माझ्या कानाशी म्हणाली, “ताई, मी येते ग. मला सोडत नाहीत.”

ट्रंक उचलून पुन्हा आत आणली.

बुधवार, ता. २६

ठराव आला.

‘विभाग चार. रहिवासी एक कमी. बदली.’

दिवसभर हात मांडीखाली दाबून बसले. लिहिलं नाही. प्रमुखबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर त्या लिहितील. त्यांनी धाकटीचं पान उघडून ठेवलं होतं. गुडघा, साखर, सगळं —

चित्रकार आज जागेवर नव्हता. टेबल पुसलेलं. कुठं गेला, विचारलं. तिथं कुणी बसतच नव्हतं म्हणे. त्यालाही कुणी खेळात घातलं असेल, नोटीस प्रमुखबाईंनी लिहिली असेल; मला तेवढा आठवतो, कारण या वहीत मी त्याला लिहिलाय.

गुरुवार, ता. २७, सकाळ

रात्रभर तिचा श्वास ऐकत होते. येतो — मग बराच वेळ नाही — मग येतो.

ठराव पुन्हा वाचला. रहिवासी एक कमी. कोण, ते कुठं म्हटलंय? विभाग चारमध्ये आता मीही आहे की.

दुपारच्या आत. प्रमुखबाईंच्या आधी.

अकरा वाजता

ऑफिसात जाऊन नोटीस लिहून आले. स्वतःला. गोड नाही लिहिली, सरळ लिहिली: थोरलीची बदली. मग घरी आले.

आतल्या खोलीत धाकटी निजलीय. मी बाहेर बसलेय. भीती वाटते. खोटं कशाला लिहू, फार वाटते.

बोटं गार — पेन धरलंय ते दिसतं, कळत नाही —

आत पलंग वाजला. उठली. एकटीनं उठली! आतली खिडकी उघडली तिनं, दाणकन — किती मोठा श्वास घेतला ग — पुन्हा — पुन्हा —

येतेय बाहेर. गालांवर रंग आलाय. बाई, मी जिंकले —

माझ्याकडे पाहतेय. हसली. परक्यांशी हसते तशी, जरा मान झुकवून. म्हणाली, “दार उघडं राहिलं वाटतं. बाई, आपण कुणाकडं आलात?”

अग मी. अग वेडे, मी तुझी